घेवड्याची घाई

सगळं एकाच दिवशी टोकलं, तिथंच चुकलं.
मका, घेवडा, भोपळा, एका खड्ड्यात तिन्ही,
कारण त्या दिवशी अंगात जोर होता
आणि दुसऱ्या दिवसाचा भरवसा नव्हता.

सेनाइदा असती तर हातातली पिशवीच काढून घेतली असती.
मका आधी, म्हणायची. वीतभर होऊ दे त्याला,
स्वतःचे पाय कळू देत,
मग घेवडा.
भोपळा शेवटी, कडेकडेनं.
चाळीस वर्षं ऐकलं,
का ते एकदाही विचारलं नाही.
बी तिच्या मुठीत असायचं.
मी काठीनं भोक पाडायचो, बस.

मिश्तेकाच्या डोंगरातली ही तांबडी माती,
घरामागं बारा पावलं लांब, आठ रुंद.
घेवडा वर आला तो हात पसरतच.
मका अजून कोवळा, त्याच्याच गळ्यात पडला.
एका रात्री वारा सुटला,
सकाळी सात धाटं आडवी,
धाकट्याच्या पाठुंगळी थोरला बसावा
आणि दोघंही पडावेत तशी.

एर्मेलिंदा निवडुंगाच्या कुंपणावरून पोटभर हसली.
मग गप्प झाली.
मग म्हणाली, काठ्या दे रे त्याला, फिदेन्सिओ.
फ्रेस्नोहून पोरगा फोनवर म्हणतो, परसाचा फोटो पाठवा.
पाठवला नाही.

झाडूचा दांडा. मोडक्या खुर्चीचे दोन पाय.
पलंगाची गंजकी सळई.
तरी एक कमी.
तिच्या मागाला हात लावला नाही.
अर्धी पट्टी तशीच गुंडाळलेली आहे, लाल सूत ताणलेलं.
दारामागं एक गोल काठी रिकामी होती, तेवढी घेतली.

दोन दिवस घेवड्यानं ढुंकून पाहिलं नाही.
तिसऱ्या दिवशी एक फेरा.
पाचव्या दिवशी मी मोजणं सोडलं.

भोपळा मात्र कुणाचंच न ऐकता पसरला,
खरखरीत पानं, पोटरीला ओरखडे.
भर उन्हात एक पान उचललं,
खाली माती ओली, गार,
तणाचं नाव नाही.
किती तरी वेळ तसाच बसलो, पान हातात धरून.
कोंबड्या येऊन बघून गेल्या.

कणसं नऊच आली, दोन किडकी.
बियाण्याच्या तीन पिशव्या केल्यात
आणि आढ्याला टांगल्यात.
घेवड्याच्या पिशवीला
गाठ दुहेरी मारली आहे.