तिसरा खर्डा

उजवीकडे वर नाव: रेमेदियोस आग्बायानी.
विषय: अमेरिकन समाज. शब्दमर्यादा पाचशे.
लिंबाने दोनदा धुतले तरी हातांना कॉडचा वास आहे.
कोडियाकला जानेवारीत पाच वाजताच काळोख पडतो,
आणि कॉलेजच्या या खोलीतला हीटर
काहीतरी बोलायचं आहे पण धीर होत नाही
अशा माणसासारखा मधूनमधून खाकरतो.

पुस्तकात आधी उपपदं येतात.
कुठलाही एक असेल तर 'अ',
ठाऊक असलेला असेल तर 'द'.
फोरमन ओरडतो, ती फिलिपिनो कुठेय?
अगदी नेमकं उपपद लावून,
आणि पट्ट्यावरच्या आम्ही चौदाजणी
एकदम मान वर करतो.
ठाऊक कुणाला, हे पान एकेचाळीसवर दिलेलं नाही.

एक मासाही 'फिश', हजार मासेही 'फिश'.
हा अपवाद मला पाठ करावा लागला नाही.
पट्टा सुरू झाला की
त्याच्या दोन्ही बाजूंना तसंच दिसतं.

कर्मणी प्रयोग टाळा,
मिसेस लुकिन हिरव्या शाईने लिहितात,
कर्ता लपवू नका.
कारखान्याच्या फलकावर मात्र
ओव्हरटाइम रद्द करण्यात आला आहे,
मागची दोन बंकहाउस बंद करण्यात येतील,
आणि त्या फलकापर्यंत हिरवी शाई पोचत नाही.
खरं सांगायचं तर मीही आईला तसंच कळवते:
पैसे पाठवले गेले आहेत.
बोट थोडं कापलं गेलं.

तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं,
या देशात 'वुई' सगळे समान आहोत.
त्या 'वुई'भोवती हिरवं वर्तुळ.
शेजारी एकच शब्द: कोण?

बाई, इलोकानोत मला हा प्रश्न पडला नसता.
'दातायो' म्हटलं की ऐकणाराही त्यात आला,
'दाकामी' म्हटलं की तो बाहेर राहिला.
आई ताटं मांडताना पहिला शब्द वापरायची,
दारात विमावाला उभा असला की दुसरा.
तुमच्या इंग्रजीत दोघांना एकच दार.
आत कोण, बाहेर कोण,
हे वाक्य पुढे सरकल्याशिवाय कळत नाही,
कधी वाक्य संपलं तरी नाही.
मी ते लिहिलं तेव्हा माझ्या मनात कुठला होता,
आठवत नाही. खरंच.
बहुतेक गुण मिळतील असा.

शेवटचा नियम:
उपसंहारात नवीन काही आणू नये.

तास सुटला. सगळे गेले.
मिसेस लुकिन खुर्ची ओढून शेजारी बसल्या.
तुमची इंग्रजी म्हणालीस, त्या म्हणाल्या,
माझी कुठली? आम्ही आलुतीक.
आमच्यात दोघांसाठी वेगळं वचन आहे.
एक, मग दोन, मग उरलेलं जग.
ते बोलली म्हणून माझ्या मावशीला
शाळेत साबण चाटायला लावण्यात आला.
मग स्वतःच थांबल्या.
पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
'लावला,' म्हणाल्या. 'शिक्षिकेने.
तिचं नाव मला ठाऊक आहे.'

नाव त्यांनी सांगितलं. मी इथे लिहीत नाही.
मी म्हटलं, आमच्यातही आहे,
दोघांपुरतं वेगळं. 'दाता'.
तू आणि मी, तिसरं कुणी नाही.
त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला,
दुसऱ्यांदा बरोबर आला.

निबंध आता पाचशे बारा शब्दांचा झाला आहे.
बारा कुठले काढायचे
हे बघत आम्ही बसलो आहोत,
आणि खाली पार्किंगमध्ये
रात्रपाळीची व्हॅन हॉर्न वाजवते आहे.