डावा खिसा

एक मिनिट बावीस सेकंद.
चौतीस वर्षं मीच ती रीळ चालवली,
दर सहा मार्चला, विडी कामगारांच्या हॉलमध्ये,
आमच्याच मागावरच्या बिनरंगी कापडावर.

कॉम्रेड मल्लेशम वडनाल फाटकातून येतात,
कुणाला तरी बघून हसतात,
हात वर करतात
आणि पडतात.

फिल्मला आवाज नाही.
तो ज्यानं त्यानं आपापला घालायचा.
कुणाला दोन गोळ्या ऐकू यायच्या, कुणाला तीन.
माझे वडील तिथं होते. ते म्हणायचे,
भोंगा वाजत होता रे, गोळी कुणी ऐकली?

चाळिसाव्या सेकंदाला चित्र धुरकट व्हायचं.
मी न बघता अंगठ्यानं लेन्स जराशी फिरवायचो.
म्हणायचो, मशीन जुनं झालं.

यंदा भूलक्ष्मीबाई आत आल्या.
एरवी त्या बाहेर पायरीवर बसून राहायच्या,
संपलं की हार घालायला उठायच्या.
मोतीबिंदू काढलाय, म्हणाल्या, बघते एकदा.
नंतर चहा घेतला नाही. मशीनपाशी आल्या.
"तम्मुडू, पडताना खिसा उजवीकडं कसा गेला?
सदरा मी शिवलेला. खिसा एकच, डावीकडं.
विड्यांच्या कट्ट्यालाच भोक पडलं होतं."

रात्री हॉलचं शटर ओढलं
आणि फिल्म चिमटीतून सरकवत गेलो,
थानावरची गाठ शोधावी तशी.
लागली. चाळिसाव्या सेकंदाला सांधा.
अलीकडं मुलाम्याची निस्तेज बाजू,
पलीकडं चकचकीत.
पुढचा अख्खा तुकडा पालथा चिकटवलेला.

आपली चादर उलटली तर
रंग जागा बदलतात, वेल तीच राहते.
माणूस उलटला तर?

मग पाट्या शोधल्या.
ज्या रस्त्यावर एकेका दुकानाच्या कपाळावर
मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू दाटीनं बसतात,
तिथं या बेचाळीस सेकंदांत एकही अक्षर नाही.
पाटी येणार तिथं कुणाचं डोकं, कुणाची छत्री.
आता मार्चमध्ये सोलापुरात छत्री असते म्हणा, उन्हाची.
आणि जोडताना चूक कुणाचीही होते.
मी स्वतः एका पौराणिक सिनेमाचा शेवट
उलटा जोडला होता एकदा,
पब्लिकनं टाळ्याच वाजवल्या.

तरी सांधा सोडवला. तुकडा सुलटा केला.
नुसत्या भिंतीवर लावला, एकट्यानं.

खिसा डावीकडं आला.
आणि हमालांची रांग
मल्लेशमच्या डाव्या हाताची उजव्या हाताला गेली,
दऱ्याप्पा मेटकरीसकट.
गोळी डाव्या बरगडीत शिरली, असा डॉक्टरचा कागद.
डावीकडं कोण उभं होतं, ते कोर्टानं याच चित्रात पाहिलं.
दऱ्याप्पा येरवड्यात टीबीनं गेला.
त्याच्या मुलाकडून मी दर आठवड्याला
कडक भाकरी घेतो, पैसे मोजून देतो,
तो कधी दोन जास्त घालतो.

डाव्या हाताला आता एक मोटार उभी आहे.
मागचं दार अर्धं उघडं.
आत अंधार, किंवा फिल्मच तिथं काळी पडलीय.
अकरा वेळा बघितलं.
बाराव्यांदा तिथं मला चेहरा दिसायला लागला,
तेव्हा मशीन बंद केलं.

सदरा कोर्टात जमा होता, तो परत आला नाही.
उरली एका म्हातारीच्या शिवणीची आठवण
आणि माझा अंगठा,
जो चौतीस वर्षं बरोबर त्याच जागी सांगत होता.
आता सांध्याला माझा डिंक आहे, माझे ठसे आहेत.
उद्या कुणी विचारलं, अस्सल रीळ कुठली,
तर मी काय काढून दाखवू?

तुकडा सुलटाच ठेवलाय.
पुढच्या सहा मार्चला चित्र धुरकट होणार नाही.
कुणीतरी मागं वळून म्हणेल,
काय ओ, नवीन मशीन घेतलं काय?