बूड झाकलेली

दर गुरुवारी, कायानीत बर्फ असो नसो,
मी तौनोच्या गॅरेजात जाते.
सासरा होता तो माझा.
आता कोण आहे, हे आम्ही एकमेकांना विचारलेलं नाही.
तो दिवा खाली ओढतो, मी डाव्या बाजूला बसते,
कारण उजवा कान त्यानं कधीचाच बंदुकांना देऊन टाकलाय.

टेबलावर चार वाट्या.

पहिलीत नुसतं शिसं.
त्यानंच ओतलेलं, चाकांच्या वजनांतून, जाळ्यांच्या भारांतून,
मागच्या शेडमध्ये, थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी लावून,
अठ्ठावीस हिवाळे.
मग एका फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला.
"रक्तातच आहे ते माझ्या," तौनो म्हणाला.
"तेच तर सांगतेय," त्या म्हणाल्या.
कढई आता अंगणात पालथी आहे.
तिच्यावर पडलेला बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो.

दुसरीत तांब्याचा मुलामा.
स्वस्त, देखणी, सगळ्या एका अंगाच्या.
सावकाश चालवलं तर जन्मभर कुरकुर करणार नाही.
पण माझं पिस्तूल सावकाश चालत नाही.
वेगात हिची कातडी सुटते
आणि नळीच्या टोकाशी, कॉम्पेन्सेटरच्या भोकांत
सोलपटं चिकटतात.
तौनो ती आकड्याने कोरून काढतो, जीभ दातांत धरून.
चाळीस वर्षं त्यानं गावाच्या कवळ्या बसवल्या.
कुणाचं हसणं खरं नाही, हे त्याला नावानिशी ठाऊक आहे.

(वर भोकं असतात ना, म्हणून तर हात टिकतो.
धूर, आग, सगळा संताप आकाशाकडे जातो
आणि नळी नाक वर करत नाही.
आमच्या घरात तशी भोकं नव्हती.)

तिसरी. पूर्ण कवचाची म्हणतात.
"पूर्ण!" तौनो हसतो, आणि चिमटीत धरून उलटी करतो.
बुडाशी करडा गोल, उघडा.
पुढून चिलखत, मागून काहीच नाही,
आणि आग तर मागूनच येते.
ती चाटते, शिसं धुरात मिसळतं,
तेही त्याच भोकांत जाऊन बसतं.
मी बोलत नाही. तोही नाही.
यार्क्कोला आम्ही दोघांनी कायम समोरूनच पाहिलं.
पितळ उघडं पडायचं तेव्हा पडलं.
आज ते ट्रेमध्ये आहे, पाचशे केसेस,
धुऊन, पुसून, तोंड वर करून ओळीनं.

चौथी वाटी तो शेवटी सरकवतो, जरासा ओशाळून.
पोकळ तोंडाची.
कुठंतरी कुणीतरी हिला घडवली ती
मांसात शिरून उमलावी म्हणून.
"तोंडाकडे बघू नकोस," तौनो म्हणतो.
"बूड बघ."
कवच मागून चढवलेलं, बूड अख्खं झाकलेलं,
आगीला जीभ लावायला जागाच नाही.
महाग आहे. तरी हीच.
सोत्कामोच्या हॉलमध्ये ती तपकिरी पुठ्ठ्यातून जाईल,
एक गोल भोक, त्याच्या शेजारी दुसरं,
आणि वाळूत जाऊन थांबेल,
ज्या कामासाठी जन्मली ते न करता.

तो तराजूवर एकेक ठेवतो.
एक जड निघते, ती बाजूला.
एक घरंगळते, जुन्या स्कीजच्या मागे जाते,
आम्ही उठत नाही.
तरफ खाली, तरफ वर.
पितळात तांबं बसल्याचा तो बारीक आवाज
मला ऐकू येतो, त्याला हाताला कळतो.

मी विचारते,
"हिला कधी वाटत असेल का, उमलावं म्हणून?"
मध्येच त्यानं मान फिरवलेली असते,
माझा प्रश्न उजव्या कानावर जातो.

"हो," तौनो म्हणतो,
"दूध संपलंय. काळीच प्यावी लागेल."