दुसरी मगर

पहाटे तीन बाराला कार्डाचा संदेश:
एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
मकरपुऱ्यातल्या तीन व्हॉल्व्ह कारखान्यांची बिलं ठेवायला
क्लाउडवर घेतलेली माझी जागा,
महिन्याचं भाडं चहाच्या उधारीहून कमी.

आत जायला गेले तर पासवर्ड चुकीचा.
माझा. चुकीचा. तीनदा.
मग विनयानं विचारणा: नोंदवलेल्या फोनवर कोड पाठवू?
शेवटचे आकडे एकेचाळीस.
एकेचाळीस म्हणजे केयूर.
दोन वर्षं बोललो नव्हतो आम्ही,
पाटी उतरवली त्या दिवसापासून.
तिच्यावर कुणाचं नाव आधी होतं, ते जाऊ दे.

खंडेराव मार्केटकडे फुलांचे टेंपो निघाले होते.
रिंग गेली.
'कोड आलाय,' तो म्हणाला, हॅलोच्या जागी.
'बे, नव, नव, छ, त्रण, शून्य.'

आत ओसाका, साओ पावलो, आयर्लंड.
जिथे कधी पाय ठेवला नाही
तिथे माझ्या नावावर अडतीस यंत्रं
कुणासाठी तरी नाणी खणत बसलेली.
एकेक बंद केलं, देश बदलत बदलत.
किल्ल्या रद्द केल्या सगळ्या.
ज्या किल्लीनं ते आले
ती मीच उघड्या कोडमध्ये विसरले होते,
दिवाळीआधीच्या शुक्रवारी, घाईत.
हे फोनवर सांगितलं नाही.

'झालं,' म्हटलं. 'थांबवलं सगळं.'
'पूर आठवतो?' केयूर म्हणाला.

विश्वामित्रीतून आलेली मगर, पार्किंगमध्ये, स्कूटरखाली.
पोरांनी तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं,
बांधून टेंपोत चढवली, लोक टाळ्या पिटायला लागले,
आणि हा एकटा टॉर्च घेऊन
जिन्याखाली वाकलेला.

'दुसरी बघ.'

होती.
वापरकर्त्यांच्या यादीत, माझ्याच नावाची,
शेवटी एक ए जास्त.
अधिकार माझ्याएवढेच.

काढली. मार्चची बिलं गेली ती गेलीच.
कंपनीचं उत्तर आलं: आपली अडचण समजते, चौकशी चालू आहे.
नऊ वाजता कारखान्यांना फोन लावले, कागद आहेत का?
जाडेजाकाकांकडे होते,
खिळ्याला टोचलेले, तेलकट, तारखेवार.

सगळं बदललं. राहिला फोनचा रकाना.
माझा नंबर घातला. जुना पुसायला गेले
तर प्रश्न: हा नंबर अजून आपल्या उपयोगाचा आहे का?
हो, नाही, आणि खाली बारीक अक्षरात
नंतर आठवण करा.

ते दाबलं.