चष्मा घातल्याशिवाय आत येऊ नये

पाटी माझ्याच हातची आहे.
'चष्मा' जरा मोठा झालाय, 'नये' कोपऱ्यात कोंबलंय.
सावद्याला, स्टेशनच्या अंगाला,
जिथे केळीचे घड वजन होऊन वॅगनीत चढायचे,
त्या पत्र्याच्या शेडमध्ये आता दहा मीटर मोजून
सहा लेन आखल्यात भारंबे सरांनी.
मे महिन्यात पत्रा तापला
की भिंतींना अजून चिकाचा वास सुटतो.

मी दारात बसतो.
नेमबाजीतलं मला ओ का ठो कळत नाही.
माझ्याकडे एक पेटी, तीत चौतीस चष्मे,
काही पिवळे, काही पांढरे,
दोनांच्या दांड्या दोऱ्याने बांधलेल्या.
येईल त्याच्या हातात एक. खेळाडू, पालक,
चहावाला पोऱ्या, वीजबिलाचा माणूस,
कोणीही.

पोरं कुरकुरतात. काका, वाफ धरते. घाम उतरतो.
नाकावर वळ उठतो, शाळेत हसतात.
हसू दे.
परवा एक भाऊ आले, कडक इस्त्रीतले, म्हणाले,
छर्रा पुढे जातो, मागे कशाला येईल?
म्हटलं, भाऊ, शिशाले पुढचं-मांगचं कयत नाही.
ते बाहेरच थांबले. गाडीत, एसी लावून.

सर पोरांना सांगतात, एक डोळा मिटू नका.
नको त्या डोळ्यापुढे कागदाची पट्टी लावा,
पण दोन्ही उघडे ठेवा, चेहरा सैल.
मला हे पटतं.
काणाडोळा करायची आपली सवय जुनी.
भुसावळच्या कारखान्यात आम्ही तीस वर्षं तेच केलं.

वासू धाके माझ्या शेजारच्या ग्राइंडरवर.
गॉगल होता त्याच्याकडे.
गळ्यात होता,
ताईतासारखा लोंबत.
एवढी एकच कड मारतो, म्हणाला.
ठिणगीही नव्हती ती, ठिणगी दिसते तरी.
चाकाचा एक दाणा,
ज्वारीच्या कणीएवढा.

आता त्याच्याकडे गेलं की चहा तोच ओततो. हट्टाने.
किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवतो,
टिंग,
मग ओततो.
नाही टेकवली तर चहा बशीत.
एका डोळ्याला अंतर मोजता येत नाही,
हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

मंगळवारी शबनूर तडवी, यावलची, तेरा वर्षांची,
तीन नंबरला होती.
नेमही धरत नव्हती, मागे सरून पाणी पीत होती.
चार नंबरच्या लोखंडी पत्र्याचा नट सैल झालेला,
पत्रा आपला तिरका होता तो ताठ उभा राहिलेला,
आणि कोणाच्या ध्यानीमनी नाही.
आवाज आला. टिंग नव्हे.
टिक्.
नखाने काच वाजवावी तेवढा.
तिने बाटलीचं झाकण लावलं.
मग हात चष्म्याकडे नेला, तेव्हा सर ओरडले, थांब.
सगळ्या लेन थांबल्या.
बाहेर मालगाडी चालली होती, ती मात्र चालत राहिली.

मीच काढला चष्मा.
डाव्या काचेवर, बुबुळासमोर नेमका,
तिळाएवढा खड्डा
आणि भोवती पांढरं कोळिष्टक.
काचेपलीकडे तिचे दोन डोळे,
तपकिरी, ओलसुद्धा नाहीत,
नुसते वैतागलेले.

तिला म्हटलं, बस, चहा घे.
माझे दोन्ही डोळे शाबूत,
मोतीबिंदूसुद्धा काढून झालेला,
तरी अर्धा चहा मी टेबलावर ओतला.
ती वहीनं तो पुसत म्हणाली,
काका, दुसरा द्या.
माझे अजून अकरा छर्रे राहिलेत.

पेटीतला सगळ्यात कमी ओरखड्यांचा शोधायला
मला जरा वेळ लागला.