चावी

रात्री दीड. कुर्ल्यात, वॉर्ड ऑफिसच्या मागच्या खोलीत
माझं फंक्शन स्वतःलाच हाका मारत उतरतंय:
जलवाहिनी, फाटा, फाट्याचा फाटा.
दरवेळी हाती एक बंद पाकीट,
आत पाण्याचा दाब, नाहीतर तो का नाही ते.

सत्ताविसाव्या वळणावर गळती.
चूक उसळली, हाकेमागून हाक मोडत थेट वर,
आणि स्क्रीनवर अख्खा कुर्ला कोरडा.

तोडणकर चावीवाले जांभई देत म्हणाले,
"एका गल्लीपायी एवढं?
फुटलंय तिथंच फिरव की चावी, पोरी."

कॅच मुळाशी होता. फाट्याफाट्यावर नेला.
पुन्हा चालवलं.

पाणी पोचलं.
फक्त ख्रिश्चन गावातल्या एका नळाचं पाकीट उघडलं,
तर आकडा नव्हता.
कारण होतं.

तोडणकर तोवर चपला शोधत होते.