नूनच्या खोक्यातलं कार्ड

बुधवारी दुपारी अडीचची फेरीबोट.
शिरोड्याहून राशोलला जायला नदी सात मिनिटं घेते,
भरती असली तर नऊ.
पाद्री लिबेरात म्हणायचे,
उशिराचा जाब तुला नाही, झुआरीला विचारीन.

माझं काम साधं. त्यांचे इब्री शब्द कार्डावर उतरवायचे,
समोर मराठी.
बुटांची रिकामी खोकी: अलेफचं, बेथचं...
नूनपाशी आलो आणि फणस संपेपर्यंत तिथेच अडकलो.

नेफेश.
मी लिहिलं, आत्मा.
त्यांनी खोडलं.
"आत्म्याला तहान लागते का गो?
रोज तीच भाकरी खाऊन वीट येतो?
याला येतो."
कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून दाखवला.
"हा. हा वरखाली होतो ना, तो."

आधी घसा, मग माणूस.
अधोलोकसुद्धा नेफेश वासून गिळतो.
आणि सहा दिवस राबून सातव्या दिवशी देवानं जे केलं
त्याचं क्रियापद याच धातूचं:
दम खाल्ला.
हे ऐकून पाद्री हसतच सुटले,
तुमच्या मराठीत देव दमसुद्धा खातो!

मग मी पुंडलिककाकांचं सांगितलं.
खाजणाचा बांध फुटला त्या रात्री
मानशीची फळी पाठीनं रेटून ते उभे राहिले
ओहोटी लागेपर्यंत.
खारं पाणी गळ्याशी, नाकाशी, पुन्हा गळ्याशी.
काठावर कंदील धरून काकी.
जीव गळ्याशी आला होता, असं ती पुढे जन्मभर सांगायची,
कुणाचा ते मात्र सांगायची नाही.

पाद्री उठले. स्तोत्रांचं पान काढलं, बोट ठेवलं:
पाणी माझ्या नेफेशापर्यंत आलं आहे.
"तुझ्या काकीला इब्री कुणी शिकवलं?"

तरी कार्ड कोरंच.
जीव लिहिलं की त्यांना घसा दिसेना,
घसा लिहिलं की मला जीव.

मग बांबोळीचं इस्पितळ.
परतले ते गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी,
आणि आवाज तिथेच कुठल्या तरी ट्रेमध्ये ठेवून.
पाटीवर लिहायचे.
पहिल्याच बुधवारी लिहिलं:
आता उघड्यावर आहे, नीट बघून घे.
मला कळेना.
जाळी फुगत होती, बसत होती,
फुगत होती.
कळलं तेव्हा मी उगाच खोकी लावायला घेतली.

नोव्हेंबरात गेले.
कॉलर चांगली वर ओढलेली, भोक दिसू नये म्हणून.
त्या भाषेत प्रेतालाही हाच शब्द चालतो,
त्यांनीच शिकवलं होतं:
मेलेला नेफेश, शिवला की विटाळ.
मी शिवले.
कॉलर थोडी खाली केली.

परतीच्या बोटीवर घसा सुकून लाकूड.
तिकिटवाल्या कुष्टानं आपली बाटली पुढे केली.
ओठ न लावता वरून ओतलं,
थंडगार, थोडं गळ्यावरून ओघळलं.
आतलं काहीतरी वर गेलं, खाली आलं.
तो म्हणाला,
"आला जिवात जीव?"

खोकं मांडीवरच होतं.
पेन सापडेपर्यंत
शिरोड्याचा धक्का आला.